तुर्दीचा वारा

गेल्या साली कापणी तोंडावर आलेली असताना आमू नदीकडून वारा सुटला आणि एरगशचं गांजाचं शेत एका दुपारी आडवं झालं. झाडं माणसाच्या डोक्यावर हातभर गेली होती. गाव बघायला यायचं. एरगश मिशीवरून हात फिरवत बांधावर उभा राहायचा आणि आणखी पाणी सोडायचा. पाणी पिऊन झाडं वाढली खरी, पण बुंधे आतून पोकळ राहिले. वाऱ्यानं नुसता हात लावला आणि सगळी रांगेनं झोपली.

आमच्याकडे गांजाच्या फुलावर जी चिकट, पिवळी भुकटी धरते तिला 'धूळ'च म्हणतात. बाकीचं झाड तंदुरात घालायच्या लायकीचं. घर चालतं ते त्या धुळीवर. ती चाळून, तापवून, हातानं मळली की चरस होतो. पडलेल्या झाडांच्या फुलांना शेतातली माती चिकटली होती. मजार शहरातला व्यापारी आला, चिमूटभर तळहातावर घेऊन अंगठ्यानं मळत, 'बाय' म्हणजे मालक असा मान देऊन म्हणाला, "एरगशबाय, ही धूळ फुलावरची म्हनायची का रस्त्यावरची?" बरोबरची माणसं हसली. एरगशही हसला. काय करणार. त्या हिवाळ्यात त्याच्या घरी पुलाव फक्त ईदेला शिजला.

दोष कुणाचा यावर घरात दोन मतं होती. एरगशची बायको आयजमाल म्हणे, अल्लाची मर्जी. एरगशची आई रजबबीबी अंथरुणाला खिळली होती, पण तिचं तोंड काही खिळलं नव्हतं.

"अल्लाला कशाला मधी घालता?" ती म्हणायची. "तुर्दीला घरात बसवून ठेवलंत, म्हनून शेत पडलं."

तुर्दी हा तिचा धाकटा. एरगशनंतर तिला झालेली पोरं पाळण्यातच गेली, म्हणून या शेवटच्याचं नाव तिनं तुर्दी ठेवलं. तुर्दी म्हणजे राहिला. गावातल्या टवाळांनी त्यावर लगेच पुरवणी जोडली, "राहिला खरा, पण अर्धाच." अंगानं तो दाराच्या चौकटीत मावत नसे. डोकं मात्र लहान पोराचं राहिलं. बोलायचा थोडं, खायचा भरपूर, आणि एखादं काम सांगितलं की 'थांब' म्हणेपर्यंत करत राहायचा. एकदा आयजमालनं त्याला लोणी घुसळायला बसवलं आणि शेजारी गप्पा मारायला गेली. परत आली तर लोण्याचं पुन्हा पाणी झालं होतं आणि तुर्दीच्या तळहाताची सालं निघाली होती. मार तुर्दीला बसला.

या स्वभावाचा उपयोग फक्त त्याच्या आईला कळला. गांजाचं रोप गुडघ्याएवढं झालं की रोज सकाळी एकेक बुंधा मुठीत धरून इकडं-तिकडं लववायचा, मोडणार नाही पण दुखेल इतका. दुखलेला बुंधा चिवट होतो, मुळं घट्ट धरतो. याला आमचे जुने लोक 'वारा देणं' म्हणत. आता एवढा धीर कुणाला आहे? तुर्दीला होता. आईनं त्याला एकच नियम शिकवला होता की अर्ध्या शेताला वारा द्यायचा नाही, उरलेली झाडं रुसतात. तो अख्खं शेत हलवून मगच न्याहारीला यायचा. पण आई आजारी पडली, आणि एरगशनं ठरवलं की हे सगळं म्हातारीचं खूळ आहे, भरपूर पाणी आणि भरपूर खत दिलं की झालं. त्याचं काय झालं ते वर सांगितलंच.

हिवाळ्यात म्हातारीनं ओळखलं की आता आपण उठत नाही. एके दिवशी पाटाचे कारभारी खोलमत मीराब आणि मशिदीतले मुल्ला तिला बघायला आले, तेव्हा तिनं एरगशला जवळ बोलावलं आणि त्याच्या हातात नान दिला.

"ह्याच्यावर हात ठेव आन् बोल, तुर्दी ह्या घरात राहील."

भाकरीवरची शपथ आमच्यात कुराणाखालोखाल. एरगश घुटमळला. दारातून आयजमाल म्हणाली, "आन् उद्या त्यानं घर पेटवलं तर?"

म्हातारीनं मान वळवली नाही. "घराचं नुकसान केलं तर शपथ सुटली. पन चार मान्सांनी डोळ्यांनी बघितलेलं नुकसान. तुज्या बायकूनं कानात सांगितलेलं न्हाई."

मीराब खोकल्यासारखं करून हसले. एरगशनं नानावर हात ठेवला, शब्द उच्चारले आणि एक घास तोडून खाल्ला. बर्फ वितळायच्या आत रजबबीबी गेली. तुर्दीचं अंथरूण दुसऱ्याच दिवशी गोठ्यात गेलं. शपथ घराची होती, आणि गोठा घराच्याच आवारात होता.

वसंतात एरगशनं आईचं सगळं ऐकलं. मेलेल्या माणसाचं ऐकायला सोपं जातं. धनगरांच्या वाड्यातलं जुनं, कुजलेलं लेंडीखत आणलं. तुतीच्या लाकडाची राख साठवली. रोपं उगवल्यावर दाटी विरळ केली, म्हणजे प्रत्येकाला ऊन आणि हवा लागेल. मग पाणी तोडलं. कोवळी पानं दुपारी माना टाकायची आणि एरगशचा जीव वरखाली व्हायचा, पण तो पाटाकडे गेला नाही. तहान लागली की मूळ खाली जातं. प्रत्येक रोपाच्या गळ्यापर्यंत मातीची भर घातली, त्यात मूठभर राख कालवली.

ही मूठभर राख आणि टोपलीभर खत शेतापर्यंत नेलं कुणी? तुर्दीनं. दोरी खांद्यावर घासून घासून तिथं ओली जखम झाली, तिच्यावर राख बसायची. आयजमालची लेक सनम, लग्नाला आलेली पोर, एकदा शेळीची चरबी घेऊन त्याच्या खांद्याला लावायला गेली. आयजमालनं तिच्या हातातली वाटी काढून घेतली.

"चरबी खायला मिळंना, आन् ही बैलाला चोळतीय."

"काका हाय माजा."

"व्हय. म्हनूनच तू अजून बिनलग्नाची माज्या घरात हायस."

रोपं गुडघ्याएवढी झाल्यावर वारा सुरू झाला. पहाटे दव असतानाच तुर्दी शेतात उतरायचा. एक बुंधा मुठीत धरायचा, लववायचा, सोडायचा, पुढचा. तोंडानं हू हू असा आवाज काढायचा, कारण आईनं शिकवताना तसा काढला होता. बाजूच्या शेतातली माणसं फावड्यावर रेलून बघत. "एरगशच्या शेताला दोन वारे," म्हणत. "एक अल्लाचा फुकट, आन् एक भावाचा पोटावारी." उन्हाळा वर आला तसे बुंधे मनगटाएवढे झाले. खालची साल काळपट, राकट झाली. एरगश जाता-येता एखादं झाड धरून ओढून बघायचा. ते जागचं हलत नसे. त्यानं तुर्दीला एकदा स्वतःच्या चहातला खडीसाखरेचा खडा दिला. तुर्दीनं तो गालात ठेवला आणि संध्याकाळपर्यंत चोखला.

आता आयजमालची बाजू. तिला दुष्ट म्हणून मोकळं व्हायला सोपं आहे, पण पोरीची आई होऊन बघा. सनमसाठी शिबरगानच्या एका कापडवाल्याचं स्थळ आलं होतं. पोरगा तरुण, दुकान स्वतःचं. पोराची आई आणि मावशी बघायला यायच्या दिवशी आयजमालनं तुर्दीला पेंढ्याच्या खोलीत कोंडलं. तो ओरडू नये म्हणून सांगितलं, "आतल्या खांबाला वारा देत बस." काम मिळाल्यावर तो खूश.

पेंढ्याची खोली पाहुण्यांच्या खोलीला लागून आणि दोन्हींचं छप्पर एकाच तुळईवर, हे बिचारीच्या लक्षातच आलं नाही. पाहुण्या चहा पीत होत्या. सनम खाली बघत बदाम पुढं करत होती. तेवढ्यात छपरातून माती गळायला लागली, आधी गालिच्यावर, मग पोराच्या आईच्या, त्या कापडवालीच्या पेल्यात.

"घर हलतंय का काय?" मावशीनं विचारलं.

"उंदीर हायत," आयजमाल म्हणाली.

भिंतीपलीकडून हू हू ऐकू आलं. कापडवाली उठली, बाहेर गेली आणि खोलीची कडी स्वतःच्या हातानं काढली. पेंढ्याच्या धुरळ्यात तो धिप्पाड माणूस खांबाला मिठी मारून उभा. तिला बघून त्यानं दात काढले. पाहुण्या जेवायला थांबल्या नाहीत. मागून निरोप आला की पोरगी सोन्यासारखी आहे, पण आम्ही रक्त बघून सोयरीक करतो. आधी घर मोकळं करा, मग पुन्हा बघू.

ही बातमी ऐकून खोलमत मीराब चहाला आले. त्यांची बायको वारली होती, सुना सासऱ्याला विचारत नव्हत्या. म्हणाले, "मला रक्ताबिक्ताचं काय न्हाई. पोरगी मला द्या. पीठ, मेंढ्या, काय म्हनाल ते घरात आनून टाकतो."

आयजमाल हसली. "मीराबसायब, तुमच्या तोंडात दात किती उरलेत ते आधी मोजा. मग माज्या पोरीचं वय इचारा."

मीराबही हसले, दात नसलेलं तोंड उघडून. पण ते बोलणं त्यांनी गिळलं नाही, गालात धरून ठेवलं.

शरद उतरला. फुलं भरली, वाकली, पिवळसर झाली. शेताजवळून गेलं तरी डोकं जड व्हायचं. आणि एका सकाळी पहिलं हिव पडलं. हिव पडलं की फुलावरची धूळ ठिसूळ होते, हात लागला तरी गळते. त्या दिवसांत आमच्याकडे कुत्री बांधून ठेवतात, पोरांना शेताकडे फिरकू देत नाहीत, माणसं बाह्या दोऱ्यानं आवळून रांगेतून आडवी आडवी चालतात. उन्हाळ्यात ज्या हलवण्यानं बुंधा तयार होतो, त्याच हलवण्यानं हिवात पीक मातीत जातं. हे तुर्दीला कळणं शक्य नव्हतं. म्हणून त्याची आई दर साली पहिल्या हिवाला त्याच्या दोन्ही मनगटांना तांबडी लोकर बांधायची. वारा बांधला, म्हणायची. मग वसंतापर्यंत तो झाडाला बोट लावत नसे.

त्या सकाळी एरगश दुसऱ्या दिवसाच्या कापणीसाठी माणसं सांगायला आणि संध्याकाळी त्यांना शेत दाखवायला आणायला निघाला. गाढवावर बसता बसता म्हणाला, "तुर्दीचे हात बांध. आईची लोकर पेटीत हाय."

"माहीत हाय," आयजमाल म्हणाली.

ती तंदुराशी पीठ थापत बसली. थोड्या वेळानं तुर्दी गोठ्यातून आला. जमिनीवरचं पांढरं हिव त्यानं पायानं खरवडून बघितलं आणि तिच्यासमोर येऊन दोन्ही हात पुढं धरले. मनगटं वर, मुठी मिटलेल्या. दर साली आईपुढं धरायचा तसेच.

आयजमालनं त्या हातांकडे बघितलं. पिठाचा गोळा या हातातून त्या हातात करत राहिली. भिंतीलगत झाडांची एक अरुंद पट्टी होती, सावलीतली, तिच्यावर फूल तसं कमीच. तेवढी गेली तर गेली. संध्याकाळी एरगश येईल, सोबत चार माणसं असतील, ती डोळ्यांनी बघतील. आवळा देऊन कोहळा काढायचा, एवढाच तिचा हिशेब होता.

"अजून येळ हाय," ती म्हणाली. "जा, भितीकडची पट्टी तेवढी हलवून ये."

तुर्दी हात तसेच धरून उभा राहिला.

"ऐकू आलं न्हाई व्हय रं? वारा दे जा."

तो गेला. आयजमाल तंदुरात वाकून नान लावत राहिली. भिंतीमागून हू हू ऐकू येत होतं. मग ते लांब गेलं. तिनं मुद्दामच लक्ष दिलं नाही. भाजून झाल्यावर ती शेण्या वाळत टाकायला छपरावर चढली आणि तिनं शेताकडे बघितलं.

शेतावर पिवळं धुकं तरंगत होतं. वारा नव्हता, त्यामुळे ते जागचं हलत नव्हतं. त्यात तुर्दी शेताच्या पार त्या टोकाला, शेवटच्या रांगांत होता. पट्टी करून तो थांबला नव्हता. अर्ध्या शेताला वारा देऊन तो थांबेल कसा? एकही झाड रुसू नये म्हणून त्यानं सगळ्यांना वारा दिला होता, आणि बुंधे आता इतके चिवट झाले होते की तो दोन्ही हातांनी, अंगाचा भार टाकून हलवत होता.

आयजमाल अनवाणी धावली. हिवानं ताठलेल्या ढेकळांत दोनदा पडली.

"थांब," ती बांधावरून म्हणाली.

तुर्दी लगेच थांबला. हातातलं झाड सोडून तिच्याकडे बघत उभा राहिला. इतकं सोपं होतं ते.

एरगश माणसं घेऊन आला तेव्हा आयजमाल बांधावर बसून कपाळ बडवत होती. बरोबर पिकातला आपापला वाटा बघायला आलेले मीराब आणि मुल्ला होते, विळे परजून आणलेले चार शेजारी होते. एरगश शेतात शिरला, एक फूल तोडून तळहातावर चोळलं. हिरवा चोथा राहिला. त्यानं दुसऱ्या रांगेतलं तोडलं, तिसऱ्या रांगेतलं तोडलं. जमिनीवर पिवळी भुकटी मातीत मिसळली होती. आता ती नुसती धूळ होती.

"हात बांधले न्हाईस?" त्यानं विचारलं.

"बांधले हुते. त्यानं तोडली लोकर." आयजमालनं मुल्लांकडे बघून सांगितलं.

मग एका शेजाऱ्याची नजर तुर्दीवर गेली. तो डोक्यापासून पायापर्यंत पिवळा झाला होता. भुवया, पापण्या, दाढी, छातीवरचे केस, कापूस भरलेला जाड अंगरखा, सगळ्यावर धूळ चिकटलेली. "एरगशबाय, ह्याच्या अंगावर हाय की वो माल," तो म्हणाला. चेष्टेत म्हणाला, पण म्हणून झाल्यावर कुणी हसलं नाही.

चादर अंथरली. तुर्दीचा अंगरखा काढला, सदरा काढला, चादरीवर झटकला. मग त्याला हिवातच उघडा करून चादरीवर उभा केला. दोघांनी हात धरले आणि दोघं तळव्यांनी त्याचे दंड, पाठ, मान मळायला लागले. आमच्याकडे हाताला चिकटलेला माल असाच मळून त्याची वळी करतात. तुर्दीला गुदगुल्या झाल्या. तो मोठ्यानं हसायला लागला आणि अंग चोरायला लागला, तसा एरगशनं त्याच्या तोंडात मारली. तो गप्प उभा राहिला. दाढीतली निघेना म्हणून कात्री आणून दाढी कापली. तळहातांवर सगळ्यात जास्त होती, काळी, जाड. ती सुरीच्या पाठीनं खरवडली. खांद्यावरच्या जखमेत बसलेली तीही खरवडली. तिथं त्यानं ओठ दाबून धरले, पण हलला नाही. सगळं मिळून अक्रोडाएवढा गोळा झाला. एरगशनं तो हातात घेतला, दाबून बघितला आणि शेतात भिरकावून दिला. मग एक शेजारी खाली वाकून तो शोधायला लागला.

मीराबांनी दाढीवरून हात फिरवला. "रजबबीबीची शपथ सुटली. चार काय, आम्ही सहा जणांनी बघितलं."

"बघितलं," मुल्ला म्हणाले.

सनमनं घरातून घोंगडी आणली आणि काकाच्या अंगावर टाकली. तिला कुणी अडवलं नाही. अडवायची आता गरज नव्हती.

त्यानंतर वारा आला, गेल्या सालाहून मोठा. गावातल्या दोन तुती मुळासकट उपटल्या, मशिदीची चटई तीन शेतं ओलांडून गेली. एरगशच्या शेतातलं एकही झाड पडलं नाही. रिकामी फुलं घेऊन सगळी झाडं ताठ उभी राहिली. लोक येऊन बुंधे चाचपून बघत आणि मान डोलवत. असले बुंधे बल्खच्या मुलखात कुणाचे नाहीत, असं म्हणत.

डोक्यानं अधू असलेल्यांना आमच्याकडे खडकाळीच्या मजारवर ठेवतात. तिथं पिराची कबर आहे आणि अंगणात जुनं तुतीचं झाड आहे. त्या झाडाला माणूस साखळीनं बांधतात. चाळीस दिवस कोरडा नान, मिरी आणि पाणी. बरा झाला तर घरी नेतात. आजवर कुणी न्यायला आलेलं मी बघितलेलं नाही.

एरगशनं तुर्दीला गाढवावर बसवलं आणि स्वतः पायी निघाला. दुपारी खरबुजांच्या उजाड शेतातल्या खोपटाशी दोघं बसले. एरगशनं नान काढला, अर्धा त्याला दिला. तुर्दी कापलेल्या दाढीतून चावत होता. त्याची मनगटं एरगशच्या समोर होती.

"त्या दिशी लोकर का तोडलीस?" त्यानं विचारलं.

"लोकर न्हाई."

"बांधली हुती न्हवं वहिनीनं?"

"म्या हात दिले. वहिनी म्हनली, अजून येळ हाय. भितीकडची पट्टी हलवून ये."

एरगशचा घास तोंडातच राहिला. "पट्टीच म्हनली?"

"व्हय."

"मग पट्टीच हलवायची हुतीस की रं."

"झाडं रुसतात," तुर्दी म्हणाला, आणि खाली सांडलेले तुकडे वेचून खायला लागला.

समोर रस्ता होता, एक अंग घराकडे, एक मजारकडे. घरी गेलं तर बायकोला चौघांत उभं करावं लागणार, मुल्लांपुढं ती खोटं बोलली हे उघडं होणार. खोट्या बाईच्या पोरीला कोण विचारणार? आणि पीक तर दोन्हीकडून गेलंच होतं. खरं कळूनसुद्धा माणूस काय करतो ते बघायचं असेल तर त्या वेळी त्याच्याकडे बघायला हवं होतं. त्यानं स्वतःच्या वाटणीचा अर्धा नान तुर्दीच्या हातात ठेवला आणि उठला.

"चल."

"घरी?"

"न्हाई."

मजारचा मुजावर हातातल्या साखळीचा गंज पुसत होता. त्यानं तुर्दीला वर-खाली बघितलं. "मारतो का?"

"न्हाई."

"मग काय करतो?"

"काम सांगितलं की थांबत न्हाई," एरगश म्हणाला. "थांब म्हनावं लागतं."

"हितं सगळी थांबतात." मुजावरनं पायात कडं घातलं, खिळा ठोकला. तुर्दी वाकून ते काम बघत होता. झाडाखाली आधीच दोघं बसले होते, एक स्वतःशी बोलणारा, एक अजिबात न बोलणारा. तुर्दीनं तुतीच्या जाड खोडाला हात लावून बघितला, मग एरगशकडे बघितलं. एरगशनं गाढव वळवलं. मागून हाक आली नाही. तुर्दीला कुणी हाक मारायचं काम सांगितलं नव्हतं.

घरी तो दुसऱ्या दिवशी दुपारी पोहोचला. गाढवाच्या पाठीवर पिठाची दोन पोती होती. आयजमाल धावत पुढं आली, दोरी सोडायला लागली. पोत्याच्या शिवणीतून बोट घालून तिनं पीठ चाखलं.

"चांगलं हाय. पांढरं हाय. कुनी दिलं?"

"मीराबानं."

"उसनं?"

"न्हाई. वसंतापर्यंत खायचं, तर काय तरी द्यावंच लागतं." त्यानं अंगरख्यावरची धूळ झटकली. "शुक्रवारी निकाह हाय."

आयजमालचा हात दोरीवरच राहिला. "शिबरगानवाले इचारनार हायत की पुन्यांदा. घर आता मोकळं झालंय."

"शिबरगानवाले वसंतात इचारतील. वसंतापर्यंत खायचं काय?"

"त्याच्या तोंडात दात न्हाईत. माजी पोर..." तिचा आवाज चढला. "तुमच्या भावानं पीक घालवलं, त्याची भरपाई माज्या पोरीनं करायची?"

एरगशनं पहिल्यांदा तिच्याकडे सरळ बघितलं.

"भितीकडचीच पट्टी म्हनली हुतीस न्हवं तू?" तो म्हणाला. आवाज चढवला नाही. "तेवढीच जाईल, असं वाटलं तुला."

आयजमाल गाढवाच्या पाठीवरची दोरी धरून उभी राहिली. एरगश हात-पाय धुवायला पाटाकडे गेला.

तेवढ्यात पिठाचा वास आला म्हणून सनम बाहेर आली. पोती बघून तिचं तोंड उजळलं. "आई, एवढं पीठ? काकाला धाडायचा एक नान लावू का आज? तिथं त्याला कोरडाच देत्यात म्हनं."

आईनं दोरीची उरलेली गाठ सोडली. बाप पाटाशी पाठमोरा बसला होता. सनमनं कंबर वाकवून एक पोतं पाठीवर घेतलं आणि आत घेऊन गेली, आणि दुसरं न्यायला परत आली.